पैऱ्याचा पिक्चर

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



‘मेमरी कार्ड भरून मिळेल’ ही पाटी आपल्यापैकी बहुतेकांनी वाचलेली असेल. सातारा-सांगलीकडच्या कुठल्याही बाजारगावात, एसटी स्टँडच्या आसपास, मोबाइलच्या दुकानाबाहेर ती टांगलेली असायची. साधारण २००८ पासून पुढची आठ-नऊ वर्षं या पाटीचा जमाना होता. वीस रुपये द्या, कार्ड द्या, चहा पिऊन या. परत येईपर्यंत कार्डात शंभर-दीडशे गाणी आणि दोन-तीन सिनेमे भरलेले असत. तशी एक पाटी माझ्याही दुकानावर होती. म्हणजे आज ज्याला ‘पायरसी’ म्हणतात, तो धंदा मी उघड्यावर, फळी टाकून केला आहे. त्यामुळे या विषयावर उपदेश करण्याचा मला अधिकार नाही. अनुभव मात्र आहे, आणि आपल्या चुकीचं मूळ काय हे समजून घेण्यासाठी नंतर केलेलं थोडंफार वाचन आहे. त्या बळावर चार गोष्टी सांगतो.

माझं दुकान सुरू झालं १९८९ साली, कॅसेटचं. त्या वेळी लोक वहीच्या कागदावर गाण्यांची यादी घेऊन यायचे. कोरी कॅसेट साठ मिनिटांची की नव्वद, एवढं विचारायचं आणि दोन डेक जोडून रात्री गाणी भरायची. त्या यादीत भावगीतं असत, लावण्या असत, ‘पुढं जागा उरली तर एखादं भजन’ अशी सूचना असे. हे बेकायदा आहे असं ना मला वाटत होतं, ना गिऱ्हाइकाला. वधूपक्षाची यादी वाण्याकडं द्यावी, तशी ही यादी. पुढं सीडी आली, व्हीसीडी भाड्यानं द्यायचा जमाना आला, आणि मग मोबाइल. वस्तू बदलत गेली, सवय तीच राहिली.

पण मोबाइलच्या वेळी एक मोठा फरक पडला. कॅसेटची कॅसेट केली की आवाज थोडा उतरायचा. तिसऱ्या-चौथ्या पिढीची कॅसेट तर दमेकऱ्यासारखी घरघरायची. म्हणजे चोरीला आपोआप एक बांध होता. संगणकावरच्या प्रतीला तो बांध नाही. हजारावी प्रत पहिलीइतकीच स्वच्छ. आणि ती प्रत माझ्यापर्यंत यायची ती कुठल्या ठोक व्यापाऱ्याकडून नव्हे, तर इंजिनिअरिंगला असलेल्या गावातल्याच एका पोराकडून.

त्या पोराकडं घरी ब्रॉडबँड होतं. भारत संचार निगमची एक योजना तेव्हा फार लोकप्रिय होती. दिवसा मोजूनमापून इंटरनेट आणि रात्री दोन ते सकाळी आठ मोकळं. मग पोरं दोनचा गजर लावून उठायची, सिनेमा ‘डाउनलोडला लावायची’ आणि पुन्हा झोपायची. बरं, ते दिवस भारनियमनाचे. मध्येच वीज जायची. मी त्याला म्हटलं, ‘लाइट गेली की सगळं पहिल्यापासून करावं लागत असेल नाही?’ तो हसला. म्हणाला, ‘काका, हे टोरंट आहे. जिथं थांबलं तिथनं पुढं सुरू होतं. आणि एकाच ठिकाणाहून येत नाही, शंभर ठिकाणांहून येतं.’

शंभर ठिकाणांहून एक सिनेमा कसा येईल, हे मला कळेना. त्यानं बराच वेळ समजावलं, पण मला ते उमगलं शेतावरून. आपल्याकडं पैरा असतो. माझ्याकडं एक बैल, तुझ्याकडं एक. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या रानात. मळणीला, भांगलणीला माणसंही अशीच आलटून पालटून जातात. पैसा कुणी कुणाला देत नाही, पण जो पैरा फेडत नाही त्याच्या बांधावर पुढच्या खेपेला कुणी फिरकत नाही. ब्रॅम कोहेन नावाच्या अमेरिकी तरुणानं २००१ मध्ये ‘बिटटोरंट’ ही पद्धत काढली, तिचं मर्म नेमकं हेच. मोठ्या फाइलचे बारीक बारीक तुकडे करायचे. ज्याला जो तुकडा मिळाला, तो त्यानं घेता घेताच दुसऱ्याला द्यायचा. जो जास्त देतो त्याला जास्त वेगानं मिळतं. प्रत्येक तुकड्याला हिशेबाचा एक आकडा जोडलेला असतो, तो जुळला नाही की तुकडा फेकून द्यायचा. त्यामुळे खोटा माल आत शिरत नाही. पूर्ण फाइल मिळाल्यावरही जो इतरांसाठी वाटप चालू ठेवतो, त्याला म्हणायचं ‘सीडर’, बी पेरणारा. जो फक्त घेतो आणि पळतो तो ‘लीचर’, म्हणजे जळू. नावं ठेवण्यात ही मंडळी आपल्या गावकीपेक्षा कमी नाहीत!

गंमत अशी, की सरकारी खर्चानं आणि सगळ्यांच्या कौतुकानं चाललेला असाच एक प्रकार आपल्या सातारा जिल्ह्यात आहे. पाचगणीजवळचं भिलार. ४ मे २०१७ रोजी ते ‘पुस्तकांचं गाव’ म्हणून जाहीर झालं. तिथं एक मोठी इमारत बांधून सगळी पुस्तकं तिच्यात कोंबली नाहीत. सुरुवातीला पंचवीस ठिकाणी, लोकांच्या राहत्या घरांतून ती मांडली. एका घरी कविता, दुसऱ्या घरी इतिहास. एक घर बंद असलं तरी गाव बंद पडत नाही. टोरंटचं जाळं असंच असतं. फरक इतकाच, पण तो फार मोठा आहे, की भिलारला घरोघर ठेवलेलं पुस्तक हे छापलेलं, रीतसर आणलेलं पुस्तक आहे. एक जण वाचत असताना तीच प्रत दुसऱ्याच्या हातात नसते. संगणकावरचं पुस्तक मात्र देऊनही देणाऱ्याकडं राहतं. पैऱ्याचा बैल एका वेळी एकाच रानात चालतो; इथं एकाच बैलाचे हजार बैल होतात. मग बैल पोसणाऱ्याचं काय, असा प्रश्न उभा राहतो.

करमणूक उद्योगानं या प्रश्नाचं उत्तर आधी कोर्टात शोधलं. १९९९ मध्ये अमेरिकेत ‘नॅपस्टर’ आलं. लोक आपापल्या संगणकातली गाणी एकमेकांना देत, पण कुणाकडं कोणतं गाणं आहे याची यादी नॅपस्टरच्या यंत्रावर असे. सांगलीच्या हळद बाजारातल्या अडत्यासारखं. माल शेतकऱ्याचा, खरेदी व्यापाऱ्याची, पण अडत्याशिवाय गाठ पडत नाही. रेकॉर्ड कंपन्यांनी खटला भरला आणि जुलै २००१ मध्ये नॅपस्टरचं दुकान मिटलं. अडत बंद, बाजार बंद.

पण त्याच सुमारास अडत्याची गरजच नसलेल्या पद्धती निघाल्या होत्या. व्यवहार थेट बांधावर होऊ लागला. आता पकडायचं कुणाला? अमेरिकी ध्वनिमुद्रण उद्योगानं सप्टेंबर २००३ पासून थेट घरोघरच्या लोकांवर दावे लावले. त्यांत न्यूयॉर्कची बारा वर्षांची एक मुलगीही सापडली. दोन हजार डॉलर भरून तिच्या आईनं तडजोड केली, आणि त्यात कंपन्यांची अब्रू जास्त गेली. पुढची पाच वर्षं हजारो दावे झाले, आणि २००८ मध्ये हा मार्ग त्यांनी सोडून दिला. स्वीडनमधल्या ‘पायरेट बे’वर ३१ मे २००६ रोजी पोलिसांनी छापा घालून यंत्रं उचलून नेली, तीन दिवसांत ते संकेतस्थळ पुन्हा सुरू झालं. २००९ मध्ये चौघांना तुरुंगवास आणि जबर भरपाईची शिक्षा झाली. दुकानदार आत गेले, पैरा चालूच राहिला.

आपल्याकडं काय झालं? आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. विक्रीसाठी किंवा भाड्यानं बेकायदा प्रती करणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड, अशी त्यात तरतूद आहे. माझ्या वीस रुपयांच्या धंद्यावर ही टांगती तलवार होती, हे मला खरोखर माहीत नव्हतं. २००९ मध्ये महाराष्ट्रानं आणखी पुढचं पाऊल टाकलं. वर्तमानपत्रात ज्याला ‘एमपीडीए’ म्हणतात, तो १९८१ चा झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले वगैरेंना स्थानबद्ध करण्याचा कायदा. त्यात ‘व्हिडीओ पायरेट्स’ घातले गेले. म्हणजे खटला चालण्याआधीच एक वर्षापर्यंत आत. हातभट्टीवाल्याच्या रांगेत आपलं नाव बघून बाजारातले आम्ही दुकानदार हादरलो. पंधरा दिवस पाट्या उतरल्या. मग एकेक करून पुन्हा चढल्या. एकदा बाजारात छापा पडला, दोन दुकानांतले संगणक पंचनामा करून नेले. त्या दिवशी माझ्या दुकानाला साप्ताहिक सुट्टी होती. मी वाचलो तो सद्गुणामुळं नव्हे, मंगळवारामुळं.

वरच्या कोर्टातली लढाई याहून मोठी. चोर कोण हे माहीत नसेल, तर दावा लावायचा कुणावर? इंग्रजी कायद्यात अशा अनोळखी माणसाला ‘जॉन डो’ म्हणतात. आपल्या न्यायालयांनी त्याचं बारसं केलं ‘अशोक कुमार’. २०१२ मध्ये ‘३’ या तमिळ चित्रपटासाठी मद्रास उच्च न्यायालयानं असा आदेश दिला. त्याचा अर्थ इंटरनेट कंपन्यांनी इतका सढळ लावला, की देशभर अनेक संकेतस्थळं सरसकट बंद झाली. त्यांत निर्दोष चित्रफिती ठेवणारीही होती. मग जूनमध्ये न्यायालयानं खुलासा केला, की नेमका पत्ता दाखवून तेवढंच बंद करा. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती गौतम पटेल यांनीही ‘ढिशूम’ चित्रपटाच्या प्रकरणात हाच आग्रह धरला. एका गाळ्यात चोरीचा माल मिळाला म्हणून अख्खी मंडई सील करायची नाही, असा त्याचा सरळ अर्थ.

त्याच वर्षी लोकांत एक घबराट पसरली होती, ती आपल्याला आठवत असेल. बंद केलेल्या संकेतस्थळावर ‘हे पाहिल्यास तीन वर्षं कैद’ अशा अर्थाची सूचना झळकायची. त्यावर न्यायालयानं स्पष्ट केलं, की नुसतं पाहणं हा गुन्हा नाही. परवानगीशिवाय वाटणं, जाहीर दाखवणं, विकणं किंवा भाड्यानं देणं हा गुन्हा आहे. हे ऐकून अनेकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण इथंच टोरंटची मेख आहे. पैऱ्यात नुसतं घेणं नसतंच. तुम्ही सिनेमा उतरवत असता तेव्हा त्याचे तुकडे त्याच क्षणी दुसऱ्याला देतही असता. म्हणजे आपण फक्त बघतोय असं वाटत असताना वाटपही आपल्याच हातून होत असतं. घरातल्या तरुण मुलांना एवढं तरी सांगायला हवं.

पुढं २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं, बंद केलेलं संकेतस्थळ नाव बदलून आलं तर दर वेळी नवा दावा न लावता तेही बंद करता येईल, अशी सोय केली. २०२३ मध्ये चित्रपट कायद्यात दुरुस्ती झाली. चित्रपटगृहात चोरून चित्रण करणाऱ्याला आणि अशी प्रत दाखवणाऱ्याला तीन महिने ते तीन वर्षं कैद आणि किमान तीन लाख रुपये दंड. तो चित्रपटाच्या निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. कायदा कडक होत गेला हे खरं. पण चोरीची वाट नेहमी पिटातल्या प्रेक्षकाच्या खिशातून जाते असं नाही. ‘उडता पंजाब’ची प्रत २०१६ च्या जूनमध्ये प्रदर्शनाआधीच बाहेर आली, तेव्हा तिच्यावर सेन्सॉरसाठी असल्याची खूण होती. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या जगप्रसिद्ध मालिकेचा एक भाग २०१७ मध्ये आधीच फुटला, तेव्हा मुंबईतल्या एका कंपनीच्या आजी-माजी कर्मचाऱ्यांना अटक झाली. कुंपणानं शेत खाल्लं तर राखणदार बांधावर उभा करून काय उपयोग?

आता आपल्या मुलखाची गोष्ट. २९ एप्रिल २०१६ रोजी ‘सैराट’ प्रदर्शित झाला. थोड्याच दिवसांत त्याची चोरटी प्रत मोबाइलमधून फिरू लागली. माझ्या दुकानात तर दिवसभर एकच मागणी. त्या हिशेबानं चित्रपटगृहं ओस पडायला हवी होती. झालं उलटं. आपल्या सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरला लोकांच्या आग्रहाखातर रात्री बारा आणि पहाटे तीनचे खेळ लावावे लागले. शंभर कोटींचा टप्पा ओलांडणारा तो पहिला मराठी चित्रपट ठरला. ज्याच्या खिशातल्या फोनमध्ये तोच सिनेमा फुकट होता, तो माणूस पहाटे तीनला तिकीट काढून बसला होता.

याचा अर्थ चोरीनं नुकसान होत नाही, असा मी काढत नाही. नागराज मंजुळेंच्या चित्रपटाला जो पूर आला, तो दर शुक्रवारी येत नाही. लहान चित्रपट पहिल्या आठवड्यातच जगतो किंवा मरतो. पण रहिमतपूरनं एक गोष्ट दाखवली. आपला माणूस मुळात फुकट्या नाही. त्याच्या गावात, त्याला जमेल त्या वेळी, त्याला परवडेल त्या दरात वस्तू मिळाली तर तो पैसे देतो. २००७ मध्ये मोझर बेअर कंपनीनं अस्सल व्हीसीडी अठ्ठावीस रुपयांना आणि डीव्हीडी चौतीस रुपयांना आणली. मी स्वतः दुकानात ठेवली, आणि नकली सीडीकडं गिऱ्हाईक फिरकेना. त्याआधी २००३ मध्ये अमेरिकेत ॲपलनं नव्व्याण्णव सेंटला एक गाणं विकायला सुरुवात केली, तेव्हा तिथंही हेच दिसलं. कोर्टाला जे वर्षानुवर्षं जमलं नाही, ते भावानं जमवलं.

आणि फुकट ऐकण्याची सवय लावली कुणी म्हणाल, तर ती या आकाशवाणीनंच! आपल्या सांगली जिल्ह्यातल्या शेटफळे गावी जन्मलेल्या गदिमांचं ‘गीतरामायण’ १९५५-५६ मध्ये पुणे केंद्रावरून आठवड्याला एक गीत असं वर्षभर प्रसारित झालं. एकूण छप्पन्न गीतं. लोक रेडिओसमोर वही घेऊन बसत आणि ऐकता ऐकता उतरवून घेत. माझ्या आईच्या पेटीत अशी एक वही होती. त्याला कुणी चोरी म्हटलं नाही. कारण ऐकणाऱ्याला फुकट असलं तरी कवी-गायकाला मानधन आकाशवाणीनं दिलेलं होतं, आणि रेडिओ बाळगायचं वार्षिक लायसन्स पोस्टात पैसे भरून आपले वडील-आजोबा घेत होते. थोडे थोडे पैसे सगळ्यांनी भरायचे, आणि मग मनसोक्त ऐकायचं. आज महिन्याची वर्गणी भरून मोबाइलवर गाणी-सिनेमे बघतो, तो याच जुन्या लायसन्सचा नातू आहे.

त्याहून मागं गेलं तर आपल्या कलेचा इतिहासच नकलेवर उभा दिसतो. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं. ते पाहून इचलकरंजीकर, आळतेकर, कोल्हापूरकर अशा नाटकमंडळ्या त्याच धर्तीवर निघाल्या. भाव्यांचं कुलूपबंद राहिलं असतं, तर सांगली नाट्यपंढरी झाली नसती. पण याच मातीत दुसरीही बाजू आहे. वाळवे तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव. त्यांच्या लावण्या ज्या फडात गायल्या गेल्या नाहीत असा फड विरळा. आणि १९४५ मध्ये ते पुण्यात गेले ते विपन्नावस्थेत. लावणी घरोघर पोचली, लावणीकाराच्या घरात मात्र काही पोचलं नाही. कायदा तेव्हाही होता, पण त्याला फडाचा पत्ता माहीत नव्हता. २०१२ च्या दुरुस्तीनं चित्रपटगीतांचे कवी आणि संगीतकार यांचा मानधनातला वाटा त्यांच्याकडून लिहून घेता येणार नाही अशी तजवीज झाली. जावेद अख्तर यांनी त्यासाठी राज्यसभेत आवाज उठवला होता. चांगलं झालं. पण त्याला साठ-सत्तर वर्षं उशीर झाला.

आता माझी गोष्ट पुरी करतो. २०१३ च्या सुमाराची. जत्रांचा हंगाम संपत आला होता. सत्तरीचे एक गृहस्थ दुकानात आले. पटका, कोपरी, गळ्यात माळ. नातवासाठी कार्ड भरून हवं होतं. मी पडद्यावर याद्या दाखवत होतो, आणि ‘वगनाट्य’ या फोल्डरवर त्यांची नजर थांबली. म्हणाले, ‘ह्यो लावा बरं जरा.’ मी लावला. ते थोडा वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, ‘मालक, ह्यो सोंगाड्या म्या हाय.’

पूर्व भागातला त्यांचा छोटा फड. स्टुडिओचं भाडं, वादकांचा रोज, सीडीचा खर्च, सगळं उसनवारीनं उभं करून त्यांनी हजार सीडी काढल्या होत्या आणि जत्रेत पाल टाकून विकत होते. निम्म्या घरात पडून होत्या.

‘कुठनं आलं म्हनायचं ह्ये?’ त्यांनी विचारलं.

मी चाचरत म्हणालो, ‘आबा, असंच फिरत फिरत आलं.’

‘फिरत आलं व्हय! आमी बी गावोगाव फिरतो. पर आमच्या गाडीला डिझेल लागतं.’

मला काही बोलता येईना. मी कार्डाचे पैसे घेत नव्हतो, तर त्यांनी वीस रुपये काढून गल्ल्यावर ठेवले. स्वतःचाच वग विकत घेतला. जाता जाता म्हणाले, ‘आता काडू नगा त्यो. आलाय तर ऱ्हाऊ द्या. फकस्त वगाच्या म्होरं आमचा फोन नंबर बोलून घाला. सीडी न्हाई तर न्हाई, सुपारी तरी यील.’

त्या रात्री मी माझ्याच आवाजात फडाचं नाव आणि नंबर बोलून त्या फाइलच्या सुरुवातीला जोडला, आणि पुढं ज्याला ज्याला कार्ड भरून दिलं त्याला तीच फाइल दिली. पुढच्या हंगामात दोन-तीन गावांच्या सुपाऱ्या त्या नंबरावर आल्याचं त्यांनी स्वतः येऊन सांगितलं. येताना पेढे आणले होते. मला ते घशाखाली उतरवणं जड गेलं.

इथं ‘त्या दिवसापासून मी धंदा सोडला’ असं सांगायला मला आवडलं असतं. पण रेडिओवर खोटं कशाला बोलू? मी धंदा चालूच ठेवला. फक्त आपल्या भागातल्या कलावंतांचं भरायचं बंद केलं, आणि मुंबईच्या सिनेमांचं भरत राहिलो. त्यांना कुठं डिझेल लागतंय, असं मनाला समजावलं. वास्तविक सिनेमाच्या पाटीवर नाव असलेल्या चार बड्यांच्या मागं शंभर रोजंदारीवाले असतात. त्यांची गाडीही डिझेलवरच चालते. फक्त ते माझ्या दुकानात येऊन उभे राहत नव्हते, एवढाच फरक. धंदा शेवटी मोडला तो २०१६ च्या सप्टेंबरमध्ये जिओ आल्यावर. डेटा इतका स्वस्त झाला, की कार्ड भरायला माझ्याकडं येणार कोण? दोन वर्षांत पाटी आपोआप उतरली. आज मी कव्हरं आणि चार्जर विकतो. आणि चोरी? ती दुकानातून उठून टेलिग्रामच्या खोल्यांत जाऊन बसली आहे.

म्हणून वाटतं, की या प्रश्नाकडं फक्त पोलिस आणि चोर असं पाहून भागणार नाही. वाटण्याचं तंत्र वाईट नाही. लिनक्ससारखी मोफत संगणकप्रणाली जगभर टोरंटनंही पोचते आणि ते पूर्ण कायदेशीर आहे. मिरजेच्या मातीत विसावलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांचं १९३७ मध्ये निधन झालं. त्यांच्या ध्वनिमुद्रिकांवरचा साठ वर्षांचा हक्क केव्हाच संपला आहे. त्या जुन्या रेकॉर्डी कुणाकडं असतील तर खुशाल वाटा, त्यानं खाँसाहेबांचा सूर जगेल. पण जो कलावंत आज हयात आहे, ज्याच्या घरात निम्म्या सीडी पडून आहेत, त्याचा पैरा फेडल्याशिवाय त्याचा बैल आपल्या रानात जुंपायचा नाही, एवढं पथ्य प्रत्येकाला पाळता येईल. त्याला वकील परवडत नाही. ‘अशोक कुमार’वर दावा लावायला तो उच्च न्यायालयात जाणार नाही. त्याचं न्यायालय म्हणजे तुम्ही-आम्ही.

गेल्या वर्षी जत्रेच्या आधी आमच्या गल्लीतल्या एकानं मला व्हॉट्सॲपवर एक वग पाठवला. ‘जुना आहे, ऐका, मजा येईल’ म्हणाला. लावला तर सुरुवातीला माझाच आवाज, फडाचं नाव आणि नंबर. इतक्या वर्षांत किती फोनांतून फिरला असेल कोण जाणे. मी तो नंबर लावून पाहिला. आबांच्या नातवानं उचलला. आबा आता नाहीत, फड तो चालवतो. ‘काय, सुपारी द्यायची का?’ असं त्यानं पहिलंच विचारलं.

मी म्हटलं, ‘हो. आमच्या जत्रेची तारीख लिहून घे.’